शंका योजनांवर घ्या, हवामानावर नको

हवामान बदल म्हणजे बातमीवाल्यांनी सोडलेलं पिल्लू, आणि सोलरच्या सरकारी योजनांवरही भरवसा नाही, असं काही जण म्हणतात. पहिलं मला पटत नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात मलप्रभा नदीनं काय केलं ते आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकरांनी पाहिलंय. एका पुरावरून हवामान ठरत नाही, मान्य. पण कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो हे शास्त्र दीडशे वर्षांहून जुनं आहे.

योजनांवरची शंका मात्र माझीही. छतावरच्या ३ किलोवॉट सोलरला केंद्र ७८,००० रुपये देतं, आणि इकडे कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत घराला २०० युनिटपर्यंतची वीज फुकट! मग सोलरचे उरलेले पैसे खिशातून कोण घालणार? शेतात वेगळं आहे. १० एचपीपर्यंतच्या पंपाला वीज फुकट, पण आमच्याकडे ती रात्री-अपरात्री येते. काकांना सोलर पंप हवाय तो दिवसा पाणी पाजता यावं म्हणून. अंधारात बांधावर साप-विंचवाची भीती असते हो.