चहा नको, सोडा चालेल : यूटातल्या शेजाऱ्यांना हा प्रश्न विचारावा का?

साल्टलेककर (धागाकर्ता)

माझं मत आधीच मांडतो. अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या आपल्या मराठी मंडळींनी घरी आलेल्या मॉर्मन शेजाऱ्यांना ‘चहा चालत नाही, मग एवढा मोठा कोक कसा चालतो?’ हे विचारणं बंद करावं. गणपतीत दरवर्षी कुणीतरी विचारतंच. विचारणारा हसत विचारतो, समोरचाही हसून घेतो. पण हातात प्रसाद घेऊन उभ्या असलेल्या पाहुण्याकडून त्याच्या धर्माचा खुलासा मागायचा, हे मला अजिबात पटत नाही.

इथलं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मॉर्मन म्हणजे ‘लॅटर-डे सेंट्स’ या ख्रिस्ती चर्चचे लोक. या चर्चच्या पथ्यात दारू, तंबाखू, चहा आणि कॉफी वर्ज्य आहेत. थंडगार सोडा, म्हणजे कोकसारखी शीतपेयं, मात्र चालतो, आणि यूटात त्याची दुकानं जागोजागी आहेत. ‘स्विग’ हे त्यातलं सगळ्यात नावाजलेलं, २०१० मध्ये सेंट जॉर्ज गावात सुरू झालेलं. तिथला ‘डर्टी सोडा’ म्हणजे ग्लासभर बारीक, चावता येईल असा बर्फ, त्यावर डाएट कोक किंवा डॉक्टर पेपर, मग नारळाचं सिरप आणि लिंबू, हवं असेल तर वरून क्रीम. सगळ्यात मोठा ग्लास ४४ औंसांचा, म्हणजे सव्वा लिटरच्या वर. ‘डर्टी’ हा शब्द कुणी वापरायचा यावरून स्विग आणि ‘सोडालिशियस’ हे दुसरं सोड्याचं दुकान यांच्यात २०१५ मध्ये कोर्टकचेरीही झाली होती, पुढे दोघांनी आपसात मिटवलं. इतका हा प्रकार इथे जिव्हाळ्याचा आहे.

या दोन गोष्टींत विसंगती दिसते ती आपल्याला. ‘कॅफीन नको’ असा नियम आपणच मनाशी धरलेला असतो. त्यांचा नियम तसा नाहीच.

(चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी २०१८ मध्ये ‘मॉर्मन’ शब्द टाळायची विनंती केली होती. त्यांच्या प्रसिद्ध गायकवृंदानंही तेव्हा नाव बदललं. ओळखीचा आहे म्हणून इथे वापरतोय, शेजाऱ्यांशी बोलताना मी ‘लॅटर-डे सेंट’ म्हणतो.)

चहाबाज

दादा, मला नाही पटलं. प्रश्न विचारण्यात अपमान कसला? ज्याच्याशी जवळीक असते त्यालाच माणूस असं विचारतो.

आता मुद्द्यावर येतो. हे पथ्य शरीराच्या भल्यासाठी आहे असं ते स्वतः सांगतात. मग हिशेब करू या. डाएट कोकच्या ३५५ मिलीच्या कॅनमध्ये ४६ मिलिग्रॅम कॅफीन असतं. कपभर चहात साधारण तेवढंच. साध्या कोकच्या त्याच कॅनमध्ये ३९ ग्रॅम साखर, म्हणजे नऊ-दहा चमचे. बिनसाखरेचा कोरा चहा निषिद्ध, आणि सिरप घातलेला सव्वा लिटर कोक चालतो. यात शरीराचं भलं कुठे आलं? नियमाचं अक्षर पाळायचं आणि हेतू सोडून द्यायचा, हे मला खटकतं, आणि खटकलेलं मी बोलतो.

साबुदाण्याचं उदाहरण आता कुणीतरी देणारच, म्हणून आधीच सांगून ठेवतो. साबुदाणा आणि बटाटा दोन्ही दक्षिण अमेरिकेतून आलेले आणि तरी उपासाला चालतात, ही आपलीही विसंगतीच आहे. तीही मी घरी बोलून दाखवतो. आजीसमोरसुद्धा.

ओगडेनची मावशी

चहाबाज, हिशेब बरोबर आहे, पण ज्या नियमाला लावताय तो आधी नीट बघा.

‘वर्ड ऑफ विजडम’ नावाचं हे पथ्य २७ फेब्रुवारी १८३३ चं, ओहायोतल्या कर्टलंड गावचं. चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ एका दुकानाच्या माडीवर आपल्या सहकाऱ्यांचे वर्ग घेत. मंडळी जमली की आधी चिलीम पेटवायची, मग तंबाखू चघळून जमिनीवर थुंकायची. त्यांच्यानंतर चर्चचे अध्यक्ष झालेले ब्रिगहॅम यंग यांनी नंतर सांगितलेली हकीकत अशी की ती जमीन साफ करून करून एमा, म्हणजे जोसेफची बायको, कातावली होती. त्यातून हे पथ्य आलं. मला हा भाग फार आवडतो. घर पुसणाऱ्या बाईची तक्रार कुणीतरी इतकी मनावर घेतली!

मूळ मजकुरात ‘गरम पेयं’ एवढंच आहे. त्याचा अर्थ चहा आणि कॉफी, हे काही वर्षांतच जोसेफचे भाऊ हायरम यांनी सांगितलं. कॅफीनचं नावही नाही, कारण नियमाचा त्याच्याशी संबंध जोडलेलाच नव्हता. चर्चनं २०१२ मध्ये तसं जाहीरच केलं. तरी त्यांच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात कॅफीनवाला सोडा विकायला २०१७ साल उजाडलं, कारण कित्येक घरांत कोकही वर्ज्यच मानत. अजूनही मानणारे आहेत. म्हणजे तुमचा प्रश्न त्यांनी आपसात पन्नास वर्षं तरी घोळवलाय. तुमच्याकडून पहिल्यांदा ऐकतायत असं समजू नका.

आणि गरमपणाचंही तसंच. गार केलेला चहा चालत नाही, वाफाळतं हॉट चॉकलेट चालतं.

लीहायचा कोडर

माझी तक्रार वेगळीच आहे, ती कॅफीनची नाही. ती बसायच्या जागेची आहे.

पुण्यात अमृततुल्यात कटिंग घेऊन माणूस अर्धा तास उभा राहतो. अनोळखी माणसाशी क्रिकेट बोलतो, राजकारण बोलतो. इथे सोड्याच्या दुकानात बहुतेक ठिकाणी गाडीची रांग असते. खिडकीतून ग्लास घ्यायचा, स्ट्रॉ खुपसायची, निघायचं. ऑफिसात दुपारी सगळे मिळून ‘सोडा रन’ला जातात, पाच जणांचे पाच ग्लास घेऊन परत आपापल्या जागी. पेय छान आहे (नारळ आणि लिंबाचं तर कोकणातल्या माणसाला सांगायलाच नको), पण त्याच्याभोवती गप्पा होत नाहीत. चहा वर्ज्य केला की चहाबरोबरचं बसणंही जातं. मला हे नुकसान खरंच मोठं वाटतं.

प्रोव्होची सून

कोडर, बसणं जात नाही, ते दुसरीकडे होतं. माझा नवरा याच चर्चमधला, मी नाही. सोमवारची संध्याकाळ या घरांत कुटुंबासाठी राखलेली असते. खेळ, गाणी, काहीतरी गोड. रविवारची प्रार्थना तीन तासांची होती ती २०१९ पासून दोन तासांची झाली, पण संपल्यावर मंडळी बाहेरच्या ओसरीत तासभर हलत नाहीत. तुम्हाला अमृततुल्य दिसत नाही, कारण ते वॉर्डात आहे. वॉर्ड म्हणजे त्या भागातल्या लोकांची मंडळी. तिथला बिशप, म्हणजे वॉर्डाचा प्रमुख, तोही पगारी नसतो. आमचा शाळेत शिकवतो.

चहाचं मात्र आमच्याकडे खरंच झालं. आई साताऱ्याहून आली तेव्हा तिनं सासूबाईंसाठी आलं-वेलची घालून चहा केला, ट्रेमध्ये बिस्किटं लावली. सासूबाईंनी नम्रपणे नको म्हटलं. आईचा चेहरा पडला. ‘दूध तरी घ्या’ म्हणाली. त्यांनी घेतलं, आणि दोघी गप्प बसल्या. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आईनं बघितलं की घरात कुणी जेवत नाही, पाणीही पीत नाही. दोन जेवणं सोडायची आणि त्या जेवणांचे पैसे गरजूंसाठी द्यायचे, अशी त्यांची रीत आहे. चहाचं पथ्य आईला कळलं नव्हतं, उपास एका मिनिटात कळला. संध्याकाळी उपास सोडायला तिनं स्वतः साजूक तुपातला शिरा केला.

आता आमच्याकडे गवती चहाची पात आणि आलं उकळून देतो, चहाची पत्ती न घालता. सासूबाई दोन कप घेतात.

सांगलीचा शाकाहारी

मी इथे एका वर्षाच्या कामावर आलोय आणि मूळ पोस्टला माझा पूर्ण पाठिंबा आहे. कारण सांगतो.

घर बदललं त्या दिवशी शेजारच्या बाई गरम ट्रे घेऊन दारात. ‘फ्युनरल पोटॅटोज’. नाव ऐकून दचकू नका, कुणाकडे मयत झाली की चर्चच्या बायका हमखास हे नेतात, म्हणून ते नाव. किसलेला बटाटा, चीज, आंबट साय, वर चुरलेले कॉर्नफ्लेक्स, आणि सगळं एकत्र बांधायला डब्यातलं घट्ट सूप. ते सूप बहुतेक चिकनचं असतं. मी संकोचत विचारलं, त्यांनी कपाळावर हात मारला आणि ट्रे परत नेला. दुसऱ्या दिवशी मशरूमच्या सुपात पुन्हा करून आणला. वरचा थर करकरीत, आत मऊ, किंचित आंबट. मी तीन वेळा वाढून घेतलं.

आता ऐका. त्याच बाईंनी मला महिन्याभरानं वाढदिवसाचा केक खाताना पाहिलं. त्यात अंडी होती, त्यांनीच केला होता. ‘चिकनचं सूप चालत नाही, मग अंडं कसं चालतं?’ असं त्यांनी विचारलं नाही. विचारू शकल्या असत्या. एक माणूस काय खातो आणि काय नाही एवढंच त्यांनी लक्षात ठेवलं आणि पुढचा ट्रे त्याप्रमाणे केला.

चहाबाज

शाकाहारी, उदाहरण चांगलं आहे आणि त्या बाईंबद्दल आदर आहे. पण त्यांनी विचारलं असतं तर तुम्ही दुखावला असता का? मला वाटतं तुम्ही अर्धा तास आनंदानं बोलला असता.

आणि मावशी, तुम्ही मजकूर वाचा म्हणालात, तर मी वाचला. त्यातच लिहिलंय की मांस बेतानं खावं, हिवाळ्यात, थंडीत किंवा दुष्काळात. इतकं स्पष्ट! मग जुलैतल्या पायोनियर डे या यूटाच्या सणाला, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, अंगणाअंगणात ग्रिल कसे पेटतात? ‘गरम पेयं’ या दोन शब्दांवर एवढी शिस्त, आणि मांसाचं आख्खं वाक्य सोडून दिलं. याला काय म्हणायचं?

दूरवरून पुणे

तुम्ही सगळे हे फारच हलकं घेताय. आपला उपास मोडला तर कुणी अडवत नाही. त्यांच्यात १९२१ च्या सुमारास हे पथ्य टेंपलमध्ये, म्हणजे लग्नासारख्या पवित्र विधींच्या खास वास्तूत, प्रवेशाची अट झालं. मुलाखत होते, त्यात हा प्रश्न विचारतात. कॉफी पिणारा सभासद टेंपलच्या आत जाऊ शकत नाही, म्हणजे मुलीचं लग्न आत लागत असेल तर बापानं बाहेर थांबायचं. ज्या नियमाची ही किंमत आहे त्याला प्रश्न विचारायलाच हवा. प्रसाद घेताना नको, पण विचारायलाच नको हे मला मान्य नाही.

प्रोव्होची सून

हा मुद्दा खरा आहे आणि दुखरा आहे. आमचं लग्न बागेत झालं, म्हणून दोन्हीकडचे सगळे समोर बसले होते. ज्यांना टेंपलमध्येच करायचं असतं त्यांना अमेरिकेत पूर्वी अडचण होती. आधी बाहेर लग्न लावलं तर टेंपलसाठी वर्षभर थांबावं लागे. ती अट २०१९ मध्ये काढली. आता बाहेर सगळ्यांसमोर आणि मग टेंपलमध्ये, असं लागोपाठ करता येतं, आणि पुष्कळ जोडपी करतात. बदल झाला तो आतल्या लोकांनी वर्षानुवर्षं विचारलं म्हणून, असं मला वाटतं. विचारणं आणि पाहुण्याला खिंडीत गाठणं यात फरक आहे.

लीहायचा कोडर

विषय थोडा हलका करतो. हिरव्या जेलोबद्दल, म्हणजे इथल्या थलथलीत गोड जेलीबद्दल, कुणीच का बोलत नाही? यूटाच्या विधिमंडळानं २००१ मध्ये जेलो हा राज्याचा अधिकृत खाऊ ठरवला. २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये हिरव्या जेलोचा बिल्ला जमवायला लोक धडपडत होते. आणि त्यात किसलेलं गाजर घालतात! गाजर हलव्यात जावं, लिंबाच्या जेलीत नाही. यावर मी ठाम आहे.

ओगडेनची मावशी

कोडर, थंड करून खाल्लंय का? मी दरवर्षी करते. गाजर बारीक किसायचं आणि अननसाचे तुकडे डब्यातलेच घालायचे. ताज्या अननसानं जेली धरत नाही.

चहाबाज, मांसाबद्दल : मुलाखतीत त्याचा वेगळा प्रश्न नसतो, ते ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडलंय. माझ्या मैत्रिणींपैकी दोघी याच वाक्यामुळे उन्हाळ्यात मांस खात नाहीत. आमची मेथीची भाजी त्यांना फार आवडते.

चहाबाज

मांस विवेकावर सोडता येतं, तर चहाही सोडता आला असता. माझा प्रश्न तसाच आहे, मावशी.

साल्टलेककर (धागाकर्ता)

चहाबाज, तो तसाच राहू दे. पण तो ठरवायचा त्यांनी, आपल्या दिवाणखान्यात आपण नाही. यंदा आरतीला या. मी पन्हं करणार आहे, गूळ आणि केशर घालून, आणि त्याच बाजूला चहाचा थर्मासही ठेवणार आहे. दोन्हींवर काय आहे ते ठळक लिहिलेलं असेल. ज्याला जे हवं ते त्यानं ओतून घ्यावं.

सांगलीचा शाकाहारी

मी बटाट्यांचा ट्रे आणतो. मशरूमच्या सुपाचा. चहाबाज, तुमची आणि त्या बाईंची ओळख करून देतो. आरती झाल्यावर विचारा काय विचारायचं ते.