युटाचं दुर्मिळ क्लोव्हर नागपूरच्या गच्चीत जगेल का?

मानेवाड्याची गच्ची (प्रश्न)
नमस्कार मंडळी. माझी भाची अमेरिकेत, युटा राज्यात असते. तिथल्या सॅन फ्रान्सिस्को डोंगररांगेतून तिनं क्लोव्हर या मेथीच्या कुळातल्या रोपाच्या एका रानटी जातीचा फोटो पाठवला. कोरडा, खडीचा उतार आणि त्यावर जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर उंचीची, जमिनीला चिकटलेली गादी. तीन-तीन पानं, त्यांवर चंदेरी लव, मधूनमधून लालसर जांभळ्या फुलांचे गोंडे. नाव ट्रायफोलियम फ्रिस्कॅनम. "मावशी, येताना बिया आणू का?" असं विचारते. मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण रानातलं क्लोव्हर कधी हातात घेतलं नाही. फार मन ओढतंय. कुंडीत जमेल का?

हिंगणा रोडचा गोठा
ताई, बरसीम लावा न! जनावरांच्या चाऱ्याचं असलं तरी तेही क्लोव्हरच. आमच्याकडे ऑक्टोबर संपता संपता पेरतो, पहिली कापणी दीड-दोन महिन्यांत. मे लागला की मात्र खेळ खलास.

सेमिनरी हिल्सचा भटक्या
ताई, बिया मागवू नका, कळकळीनं सांगतो. हे क्लोव्हर जगात फक्त युटाच्या पश्चिमेकडच्या काही डोंगरांवर आहे, तेही चुनखडीच्या आणि ज्वालामुखी खडीच्या मोजक्या पट्ट्यांत. त्या भागात 1875 साली चांदी सापडली, फ्रिस्को नावाचं गाव वसलं आणि उजाडलंही. खाणकामाची भीती मात्र उरली. त्यात बाहेरून आलेलं चीटग्रास गवत पसरतंय आणि वणव्याला सरपण होतंय. 2011 साली अमेरिकेच्या केंद्रीय वन्यजीव खात्यानं हे झाड कायद्याच्या संरक्षणास पात्र ठरवलं होतं. अशा झाडाचं मूठभर बी उचललं, तर त्या उताराची पुढची पिढीच आपण खिशात घातली.

शिवाय जगणार नाही. कठीण साल घासून बी रुजवता येईल, पण त्याला हवा बर्फाचा हिवाळा, थंड रात्री आणि खोल सोटमुळाखालून लगेच निथळणारी खडी. आपला 45 अंशांचा मे निभावला, तरी जुलैच्या झडीत बुंधा कुजेल. आणि आयात परवाना व रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र नसताना बी सामानातून आणणं 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशात बसत नाही.

भाचीला जवळून फोटो काढायला सांगा. पानाची खालची बाजू, गोंडा बाजूनं, शेजारी मोजपट्टी. अचूक ठिकाण मात्र कुठं टाकू नका.

मानेवाड्याची गच्ची
पटलं. भाचीला आत्ताच कळवते. गोठेवाले भाऊ, बरसीमचं बी थोडं मिळेल का?

हिंगणा रोडचा गोठा
या की ताई, देतो. पेरायच्या आधी मिठाच्या पाण्यात टाका. वर तरंगते ती कासनी, म्हणजे तणाचं बी, ती काढून फेका. खाली बसलेलं बी साध्या पाण्यानं धुवा, जिवाणू खत चोळा अन् सावलीत सुकवा. एक कोपरा कापू नका, मार्च-एप्रिलात गोंडे येतील.

सेमिनरी हिल्सचा भटक्या
तेव्हा भिंग घेऊन बसा ताई. गोंड्यातलं एकेक फूल वाटाण्याच्या फुलासारखं दिसेल.