मदत हवी आहे : रात्रपाळीवाल्याने टेस्टोस्टेरॉन कधी तपासायचं?

मंडळी, विषय जरा अवघड आहे, घरात बोलायची सोय नाही म्हणून इथे विचारतो. वय 34, भांडुपला राहतो, चार वर्षं रात्रपाळी. सहा महिन्यांपासून अंगात जोरच नाही. सकाळी लोकलमधून उतरून जिना चढताना मध्येच कठडा धरून उभा राहतो. मागचे शिव्या घालतात ते वेगळंच.

टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) तपासलं, 260 ng/dL आलं. साधारण 300 च्या खाली असेल तर कमी धरतात. पण मी रक्त दिलं संध्याकाळी पाचला, कामावर जाता जाता. नंतर कळलं, हे हार्मोन सकाळी सर्वांत जास्त असतं, म्हणून सकाळी 7 ते 10 मध्ये, तेही दोन वेगळ्या दिवशी तपासतात. आता मी झोपतो नऊला आणि उठतो दुपारी चारला. मग पाचचं रक्त म्हणजे माझं सकाळचंच झालं की नाही? लॅबवाल्याला विचारलं तर नुसता हसला.

जिममधला ट्रेनर इंजेक्शनच्या मागे लागलाय. ते मला नको. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की पिट्युटरी ग्रंथी वृषणांना संदेश पाठवणं कमी करते, शुक्राणू घटतात. आमचे मुलासाठी प्रयत्न चालू आहेत.

कोणी रात्रपाळीत असताना ही तपासणी केली आहे का? डॉक्टरांनी वेळ कुठली सांगितली? सोबत एलएच (पिट्युटरीकडून वृषणांना संदेश नेणारं हार्मोन), प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचंच दुसरं हार्मोन), थायरॉइडही करून घेतलंत का? आणि केईएम हॉस्पिटलच्या एंडोक्रायनॉलॉजी (हार्मोनच्या आजारांच्या) ओपीडीत थेट जाता येतं, की आधी दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी लागते?