माउंटन बाइकसाठी रॅक : चाकांना धरणारा सोडून दुसरा कशाला घ्यावा?

उतारवेडा :

गाडीवरून माउंटन बाइक न्यायची म्हटली की बहुतेक जण आधी किती सायकली मावतील ते पाहतात आणि मग किमतीकडे वळतात. माझ्या मते त्याआधी पाहायची गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे रॅक सायकलला नेमका कुठे धरतो. रस्त्यावरच्या साध्या सायकलीची वरची नळी जवळपास आडवी असते आणि वजनही बेताचे असते, त्यामुळे ती दोन दांड्यांवर टांगली तरी फारसे बिघडत नाही. पूर्ण सस्पेन्शनच्या (पुढे-मागे दोन्हीकडे धक्के शोषणाऱ्या) माउंटन बाइकची वरची नळी मात्र उतरती किंवा वाकडी असते, मधल्या जागेत शॉक बसलेला असतो, ब्रेकचे होज आणि गिअरच्या केबल कुठून ना कुठून बाहेर आलेल्या असतात, आणि दांडा घालायला जागाच उरत नाही. मग हँडल धरणाऱ्या स्टेमपासून सीटखालच्या सीटपोस्टपर्यंत एक खोटी नळी जोडून सगळी सायकल तिच्यावर लोंबकळत न्यावी लागते. ड्रॉपर पोस्टच्या, म्हणजे चालवताना खाली-वर करता येणाऱ्या सीटपोस्टच्या, सरकत्या नळीला असे काही जोडणे तर मला मुळीच पटत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, ज्या गाडीला टो-बार (ट्रेलर ओढण्यासाठी मागे लावायचा दांडा) बसू शकतो त्या गाडीच्या मालकाने मागे प्लॅटफॉर्म रॅकच घ्यावा, आणि तोही असा, ज्यात दोन्ही चाके खाचेत उभी राहतात व एक आकडा पुढच्या टायरवर वरून दाबून बसतो. फ्रेम कार्बनची असो वा अ‍ॅल्युमिनियमची, तिला कशाचा स्पर्शच होत नाही. डिकीच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचे रॅक माउंटन बाइकसाठी विकूच नयेत, आणि टपावरचा रॅक हा टो-बार नसलेल्यांचा नाइलाज आहे. विरोधी मते ऐकायला आवडतील, पण कारणांसहित.

नटबोल्ट :

कारणांपासूनच सुरुवात करतो. प्लॅटफॉर्म रॅक म्हणजे चाकांना धरणारा रॅक हे समीकरण आपण गृहीत धरले आहे, ते तपासून घ्यायला हवे. टो-बॉलवर (टो-बारच्या टोकाच्या गोळ्यावर) बसणाऱ्या रॅकपैकी पुष्कळांत चाके खाचेत ठेवून पट्ट्याने बांधतात खरी, पण सायकल उभी ठेवण्याचे काम फ्रेमच्या नळीला पकडणारा एक हातच करतो. आपण वर्णन केलेला आकडा मुख्यतः गाडीच्या मागच्या चौकोनी नळीत, म्हणजे रिसीव्हरमध्ये, शिरणाऱ्या रॅकवर दिसतो. म्हणजे 'प्लॅटफॉर्म घ्या' एवढ्या सल्ल्यावर कोणी खरेदी केली, तर त्याच्या कार्बन फ्रेमला चिमटा बसण्याची शक्यता तशीच राहते. अशा वेळी निदान ठरावीक जोराच्या पुढे नुसती फिरत राहणारी मूठ तरी त्या हाताला असावी, आणि चिमट्याची जागा डाउनट्यूबच्या (फ्रेमच्या खालच्या तिरप्या नळीच्या) जाड भागावर असावी.

माझा मोठा आक्षेप मात्र वेगळा आहे. माउंटन बाइक नेतात कुठे, तर जिथे डांबर संपते तिथे. तिथला शेवटचा टप्पा कच्चा, खड्ड्यांचा आणि चढउताराचा असतो, आणि मागचा रॅक हा गाडीच्या बाहेर लांब आलेला तरफेचा दांडा असतो. नाल्यातून गाडी वर काढताना आधी जमिनीला टेकतो तो रॅकच. शिवाय काही उत्पादक कच्च्या रस्त्यावर रॅकची क्षमता कमी धरायला सांगतात आणि काही जण तर असा वापर वर्ज्यच मानतात. सूचनापुस्तिकेतली ही ओळ दुकानात कोणी वाचून दाखवत नाही.

टपकरी :

टपाला 'नाइलाज' म्हटले म्हणून लिहितो. टपावर सायकली असल्या की मागचे दार पूर्ण उघडते, नंबरप्लेट आणि टेललाइट झाकले जात नाहीत, रिव्हर्स कॅमेरा व सेन्सर काम करत राहतात, गाडीची लांबी तेवढीच राहते आणि मागून कोणी धडकले तर पहिला बळी सायकलीचा जात नाही. मागच्या चाकांनी उडवलेला चिखल ड्राइव्हट्रेनवर (चेन-गिअरवर) बसत नाही हेही त्यात धरावे. वर नटबोल्ट यांनी मांडलेली जमिनीला टेकण्याची अडचण इथे उद्भवतच नाही.

फ्रेमला हात लागू नये असे वाटत असेल तर फोर्क (पुढचे चाक धरणारा दोन पायांचा भाग) धरणारा टपावरचा रॅक आहेच. पुढचे चाक काढायचे आणि फोर्कची टोके रॅकच्या अ‍ॅक्सलवर बसवायची. इतकी घट्ट पकड दुसऱ्या कुठल्याही प्रकारात मिळत नाही, आणि सायकलीची उंचीही थोडी कमी होते. फक्त आपल्या फोर्कचे माप आधी पाहावे, कारण जुन्या क्विक रिलीजसाठी (चाकाच्या बारीक दांड्यासाठी) केलेल्या रॅकवर १५ × ११० मिलिमीटरचा, चाकातून आरपार जाणारा जाड बूस्ट थ्रू-अ‍ॅक्सल योग्य अ‍ॅडॉप्टरशिवाय बसत नाही.

उतारवेडा :

टपकरी, आपण चाक काढायचे म्हणता, तर चाक काढल्यावर पुढे काय होते तेही सांगायला हवे. चाकाबरोबर ब्रेकची डिस्क बाहेर आली की तिला दाबणाऱ्या कॅलिपरमधले दोन पॅड मोकळे राहतात. सायकल वर चढवताना कोणाची बोटे पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर पडली की पिस्टन बाहेर सरकतात, पॅड एकमेकांना भिडतात आणि मुक्कामी पोचल्यावर चाक आत जातच नाही. मग सपाट स्क्रूड्रायव्हर घालून, पॅडला ओरखडा न पडू देता, ते मागे ढकलत बसावे लागते. प्लास्टिकची छोटी पट्टी पॅडच्या मध्ये ठेवली की हे टळते, पण ती पट्टी ऐनवेळी सापडत नाही हा सार्वत्रिक अनुभव असावा. शिवाय काढलेले चाक चिखलासकट गाडीच्या आत येते.

त्याहून मोठी गोष्ट उंचीची आहे. दीड मीटर उंचीच्या गाडीवर चाकांसकट सायकल उभी केली की एकूण उंची अडीच मीटरच्या पुढे जाते, आणि तळघरातल्या वाहनतळांची मर्यादा अनेक ठिकाणी दोन मीटरच्या आसपास असते. दिवसभराच्या दमणुकीनंतर घराच्या गॅरेजसमोर आलेल्या माणसाला टपावर काय आहे ते आठवेलच, याची खात्री कोणी द्यावी?

मोजपट्टी :

दोन्ही बाजूंनी वजनाचा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही, म्हणून तो करून पाहू.

टपाची कमाल क्षमता पुष्कळ गाड्यांत ७५ किलोच्या आसपास असते, आणि त्यात रॅक ज्यांवर बसतो त्या टपावरच्या आडव्या पट्ट्या व रॅक यांचेही वजन धरलेले असते. आडव्या पट्ट्या ६ किलो, दोन रॅक मिळून १० किलो आणि १५ किलोच्या दोन सायकली असे धरले तर बेरीज ४६ किलो होते, म्हणजे अडचण नाही. पण सायकल विजेची असली की तिचे वजन २२ ते २५ किलोपर्यंत जाते, आणि टपावरच्या पुष्कळ रॅकची एका सायकलीची मर्यादा २० किलोच्या आत-बाहेर असते. म्हणजे टप ते ओझे पेलतो, पण रॅकला ते झेपत नाही. शिवाय एवढे वजन डोक्याच्या वर उचलायचे असते.

आता मागची बाजू पाहू. टो-बॉलवर खाली येणाऱ्या भाराची मर्यादा समजा ७५ किलो आहे. रॅक २० किलोचा आणि प्रत्येकी २४ किलोच्या दोन विजेच्या सायकली धरल्या तर ६८ किलो होतात. बॅटऱ्या काढून गाडीत ठेवल्या तर आणखी काही किलो कमी होतील, आणि त्या काढाव्यातच. त्याच जातीची तिसरी सायकल चढवली की बेरीज ९२ वर जाते. रॅकवर तिसरी खाच आहे एवढ्यावरून ती वापरायची परवानगी मिळत नाही, कारण रॅक, टो-बार आणि गाडी यांच्या तीन मर्यादांपैकी जी सर्वांत कमी असेल तीच खरी.

हा भार मागच्या आसाच्याही मागे असतो. दोन आसांतले अंतर २.६ मीटर आणि भाराचा मध्य मागच्या आसापासून १.३ मीटर मागे असेल, तर ७० किलोच्या भारामुळे पुढच्या आसावरचे ३५ किलो कमी होतात आणि मागच्यावर १०५ किलो वाढतात. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या लहान गाडीला सैल मुरमाच्या चढावर हा फरक जाणवतो. नटबोल्ट यांच्या आक्षेपात त्यामुळे तथ्य आहे, मात्र ते एका सायकलीपुरते नगण्य ठरते.

हवेच्या अडथळ्यात मात्र टपाची बाजू लंगडी आहे. ताशी ८० वरून १०० किलोमीटरवर गेल्यास अडथळ्याचा जोर दीडपटीहून जास्त होतो, आणि टपावरची सायकल सरळ वाऱ्याच्या तोंडी असते. मागच्या सायकली बऱ्याच अंशी गाडीच्या आडोशाला राहतात. विजेच्या गाडीत हा फरक थेट पल्ल्यात दिसतो.

संथगती :

ही सगळी चर्चा टो-बार असलेल्या आणि वारंवार सायकल नेणाऱ्या लोकांची चालली आहे. वर्षातून मोजक्या वेळा एक सायकल नेणाऱ्याने टो-बार बसवून घ्यावा, त्याची वायरिंग करावी आणि वीस किलोचा रॅक वर्षभर कुठेतरी अडगळीत ठेवावा, हा सल्ला मला अव्यवहार्य वाटतो. पट्ट्यांचा रॅक 'विकूच नये' हे तर टोकाचे झाले.

पट्ट्यांच्या रॅकची बदनामी बरीचशी तो कसाही बांधल्यामुळे झालेली आहे. उत्पादकाच्या यादीत आपल्या गाडीचे नेमके मॉडेल आहे का ते पाहावे, आणि मागच्या दाराला प्लास्टिकचा स्पॉयलर असेल तर यादीत नसलेला रॅक लावूच नये, कारण वरच्या हुकांचा सगळा ताण त्याच कडेवर येतो. दाराची कड आणि रॅकचे पाय टेकतात ती जागा ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. रंगावर ओरखडे उठतात ते बहुधा फोमखाली अडकलेल्या धुळीमुळे. पुढचे चाक फ्रेमला बांधले नाही तर ते वाऱ्याने फिरत राहते आणि हँडल वळून दाराच्या काचेवर आपटते. थोड्या अंतरानंतर थांबून पट्टे पुन्हा ओढावेत, कारण नवे पट्टे पहिल्या ताणाला सैल पडतातच.

आणि एकच सायकल असेल तर रॅक हवाच कशाला? मागची आसने पाडून, पुढचे चाक काढून आणि जुनी चादर अंथरून ती आत झोपवता येते. चेन वरच्या बाजूला राहील अशी ठेवावी आणि जोरात ब्रेक लागला तर पुढे सरकू नये म्हणून बांधावी. चोरी, पाऊस, इंधन, उंची या चारही चिंता एकदम मिटतात.

उतारवेडा :

संथगती, आत ठेवायचा पर्याय मला मान्य आहे. माझा विरोध बाहेर लोंबकळणाऱ्या सायकलीला आहे. पट्ट्यांच्या रॅकवर दोन माउंटन बाइक एकमेकींना चिकटून टांगल्या की एकीचे पेडल दुसरीच्या फोर्कच्या चकचकीत नळीवर घासत राहते. तिथे नखाला लागेल एवढा ओरखडा पडला तरी सील खराब होते आणि तेल झिरपू लागते. फोमची नळी लावा, पेडल काढा असे उपाय आहेत, पण मग सोय कुठे राहिली? आपण म्हणता तसा एकाच सायकलीसाठी, हार्डटेलसाठी (मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलीसाठी) आणि डांबरी रस्त्यापुरता तो रॅक कोणी वापरला, तर माझी हरकत नाही.

नटबोल्ट यांचा टो-बॉलवरच्या रॅकबद्दलचा मुद्दा घेतो आणि माझे विधान आखडतो : टायरला धरणाराच घ्यावा, तो कोणत्या खोबणीत बसतो हे नंतर पाहावे. तसा रॅक टपावरही मिळतो, आणि टपकरींनी फोर्कऐवजी त्याची बाजू घेतली असती तर मी एवढा भांडलो नसतो.

नटबोल्ट :

टायरला धरणारा घेताना दोन मापे नेऊनच दुकानात जावे. आजच्या २९ इंची चाकांच्या सायकलींत दोन आसांतले अंतर १.२ ते १.३ मीटर असते, आणि जुन्या रॅकची खाच कधीकधी त्याला अपुरी पडते. टायर २.४ इंचांहून रुंद असेल तर मागच्या चाकाचा पट्टा पुरतो का तेही पाहावे. पुढच्या चाकावर चिखलरोधक असेल तर आकडा टायरऐवजी त्याच्यावर बसतो आणि पकड सुटते, तेव्हा तो काढावा लागेल.

सायलेन्सरचे तोंड कोणत्या बाजूला आहे तेही आधीच बघून ठेवा. गरम धूर थेट टायरवर येत असेल तर टायर खराब होतो, आणि रिम कार्बनची असेल तर नुकसान आणखी मोठे. त्या बाजूला सायकलीचे कोणते चाक येते, हे रॅक गाडीला लावून एक सायकल वर चढवल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे पैसे देण्याआधी दुकानदाराला तेवढे करून दाखवायला सांगावे.