सेंट लुईसची कमान हेलिकॉप्टरमधून बघावी का? (बायकोचे गुडघे, वजनाचा फॉर्म वगैरे)

शहापूरचे_मामा

नमस्कार मंडळी. सप्टेंबरात आम्ही दोघं लेकीकडं अमेरिकेला निघालोय. गाव सेंट लुईस, मिसूरी राज्य, मिसिसिपी नदीच्या काठावर. तिथं नदीला लागून ती मोठी स्टीलची कमान आहे, गेटवे आर्च. लेकीनं परवा फोनवर सांगून टाकलं, "बाबा, तुमच्यासाठी हेलिकॉप्टरची फेरी बघून ठेवलीय. कमान, नदी, सगळं वरनं दिसतंय."

आता मी हेलिकॉप्टर बघितलंय ते निवडणुकीतलं. मैदानावर धुरळा उडवत उतरणार, पोरं पळत जाणार, पोलीस काठी दाखवणार, एवढंच. आत बसायची वेळ कधी आली नाही आणि खरं सांगायचं तर इच्छाबी नव्हती. पण लेकीचं मन मोडवत नाही.

तर शंका अशा. काही मिनिटांच्या फेरीला एवढे डॉलर घालावेत काय? कमानीच्या आतनं वर जायला छोटी गाडी आहे म्हणतात, मग ती सोडून हे कशाला? आमच्या हिचे गुडघे दुखतात, तिला चढायला जमंल काय? आणि सगळ्यात अवघड म्हणजे बुकिंगच्या फॉर्मात प्रत्येकाचं वजन विचारलंय. ही म्हणते, "लग्न ठरवताना सुद्धा कुणी विचारलं नव्हतं, आता त्या परक्या माणसाला सांगू होय?" फॉर्म तिथंच अडकलाय.

कुणी जाऊन आलं असेल तर सांगा. जे काय असेल ते स्पष्ट सांगा, लेकीला वाईट वाटंल म्हणून गोड बोलू नका.

गणेशपूर_गल्ली

मामा, एवढ्या पैशात सगळं घर घेऊन गोव्याला जाऊन याल, वर काजू उरतील. पाणीच बघायचं असेल तर चांगला पाऊस झाल्यावर गोकाकला जावा की. घटप्रभा कड्यावरनं कोसळताना फुकट दिसते आणि कुणी वजन विचारत नाही.

पॅटर्नवाला_उद्यमबाग

गणेशपूरवाल्यांचं असू दे. मामा, मी गेलोय, पोरगा तिकडं होता तवा. जरा लांब लिहितोय, चहा घेऊन बसा.

आधी कमान काय चीज आहे ते डोक्यात घेऊन जावा, नाहीतर वरनं बघूनसुद्धा "चकचकीत पाइप वाकवून उभा केलाय" एवढंच वाटणार. उंची 630 फूट आणि दोन पायांमधलं अंतरही बरोब्बर 630 फूट. खाली उभं राहून बघितलं तर रुंदीपेक्षा उंची जास्त आहे असंच कुणीही शपथेवर सांगंल, डोळा फसतो. विजापूरचा गोल घुमट साधारण 51 मीटर, ही 192. आकार काढला एरो सारिनेन या फिनलंडात जन्मलेल्या वास्तुविशारदानं. 1948 ला स्पर्धा जिंकला, पण त्याआधी पहिल्या फेरीच्या निकालाची तार चुकून त्याच्या बापाच्या नावानं आली. बापही मोठा वास्तुविशारद आणि त्याच स्पर्धेत उतरलेला, त्यामुळं घरात आधी बापाचंच अभिनंदन झालं. सारिनेन वारला 1961 ला. काम सुरू झालं 1963 ला. म्हणजे उभी राहिलेली कमान त्याला बघायला मिळाली नाही.

मी पॅटर्नमेकर. जन्म गेला फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्याच्यावरनं पाडतात तो नमुना, करण्यात. ओतलेला धातू थंड होताना आकसतो म्हणून पॅटर्न मुद्दाम थोडा मोठा करावा लागतो, त्यासाठी आमची मापाची पट्टीच वेगळी असते. त्यामुळं 28 ऑक्टोबर 1965 ची गोष्ट वाचली तवा मला झोप लागली नाही. दोन्ही पाय वेगवेगळे वर चढत आलेले, मधला शेवटचा तुकडा तेवढा बसवायचा राहिलेला. आणि दक्षिणेकडचा पाय उन्हानं तापून वाढला! मग अग्निशामकाच्या पाइपांनी त्याच्यावर पाणी मारत राहिले, तो आकसला. जॅक लावून दोन्ही पाय फाकवले आणि तुकडा आत सरकवला. पायथ्याच्या मोजमापात इंचाच्या चौसष्टाव्या भागाएवढीच चूक चालणार होती, त्याच्या पुढं गेलं असतं तर वर दोन्ही टोकं जुळलीच नसती. आमच्याकडं एवढ्या मापाला पोरगं बोलतं, "साहेब, चालतंय की." कामावर 13 माणसं मरतील असा विमेवाल्यांचा अंदाज होता. एकही मेला नाही.

आता मामांचा खरा प्रश्न, वरनं बघून वेगळं काय दिसतंय. कमानीचा छेद त्रिकोणी आहे, तिन्ही बाजू सारख्या. जमिनीपाशी एकेक बाजू 54 फुटांची, वर जाईल तशी निमुळती होत टोकाला फक्त 17 फूट. हे निमुळतेपण खालनं कळत नाही, कारण लांबची वस्तू बारीक दिसणारच, डोळा त्याच खात्यात टाकतो. आणि आतल्या गाडीनं टोकावर गेलात तर सगळं दिसतंय, फक्त कमान दिसत नाही, कारण तुम्ही तिच्या पोटात. हेलिकॉप्टर माथ्याच्या उंचीला येऊन बाजूनं सरकायला लागलं तवा मला पहिल्यांदा त्या त्रिकोणाची धार दिसली. एका अंगाला ऊन, दुसऱ्या अंगाला सावली, मधे सरळ रेघ. तुकड्यांचे जोड मोजता येतील असे दिसतात. स्टेनलेसचा पत्रा लांबनं आरशासारखा, पण जवळनं त्याच्यावर हलकी लहर आहे, वेल्डिंगच्या आजूबाजूला ओढ बसलेली. मला तर ते बघून बरं वाटलं, माणसांनी केलंय हे कळतंय. माथ्यावरच्या खिडक्या म्हणजे चिरा, 7 इंच उंच आणि 27 इंच रुंद. त्यातनं कुणी हात हलवत असेल तर दिसत नाही, आम्ही बघितलं.

साखळीची दोन टोकं धरून मधे सोडली की जो झोळ पडतो तो उलटा केला की ही कमान. पण साखळी सगळीकडं सारखी नाही, टोकाला जड आणि मधे हलकी. पाय जाड आणि माथा बारीक का, त्याचं उत्तर इथंच आहे.

कमानीतनं आरपार नेत नाहीत, तशी आशा ठेवू नका. बेकायदा आहे. पूर्वी काही छोट्या विमानवाल्यांनी तो उद्योग केलाय, ते सोडा.

आता व्यवहाराचं. सगळ्यात छोटी फेरी घेऊ नका. पट्टा आवळला, हेडफोन घातला, पोटातला गोळा खाली बसला, तोवर उतरा म्हणतात. त्यापेक्षा नदीच्या अंगानं थोडं उत्तरेला जाणारी घ्या. ईड्स पूल दिसतो, 1874 चा. पोलादी कमानींचा आहे आणि मी त्याला या नवीन कमानीपेक्षा जास्त मान देतो. एवढ्या मोठ्या पुलाला तोवर पोलाद कुणी वापरलंच नव्हतं, लोकांचा विश्वास बसंना, म्हणून उद्घाटनाच्या आधी त्याच्यावरनं हत्ती चालवत नेला. कच्च्या पुलावर हत्ती पाय टाकत नाही अशी समजूत होती. खाली नदीत बार्जचे, म्हणजे सपाट मालवाहू बोटींचे, तांडे दिसतील, एकमेकांना बांधलेले, रांगाच्या रांगा, आणि सगळ्यांना मागनं ढकलणारी बोट एकच. हे काठावरनं बघितलं तर नुसतं लोखंड सरकताना दिसतंय.

फेरी कुठनं उडते हेही विचारा. तळ लांब असेल तर निम्मे पैसे जाण्यायेण्यातच गेले.

वजनाचं काय लाजायचं? छोट्या हेलिकॉप्टरचा सगळा भार वरच्या एका दांड्याला लटकलेला असतो. कोण पुढं, कोण मागं, कुणाच्या शेजारी कोण, हे वजन बघूनच ठरवतात, नाहीतर यंत्र एका अंगाला झुकतं. उकाड्याच्या दिवशी हवा विरळ, तवा उचलायची ताकदही कमी पडते, म्हणून काटेकोर हिशेब. काही ठिकाणी फॉर्मावर विश्वास न ठेवता काट्यावर उभं करतात. खोटं सांगून उपयोग नाही.

आणि इंजिन बंद पडलं तर दगडासारखं खाली येतंय ही भीती असेल तर सांगतो, तसं नसतंय. खालनं येणाऱ्या हवेनं पंखा फिरत राहतो आणि त्या जोरावर पायलट उतरवू शकतो. तेवढं शिकवल्याशिवाय लायसन्सच देत नाहीत.

खानापूरची_मास्तरीण

पॅटर्नवाले दादांनी यंत्राचं सगळं सांगितलं, मी बायकांचं सांगते.

मामा, तुम्ही विचारताय की आतली गाडी सोडून हेलिकॉप्टर कशाला. वहिनींच्या गुडघ्यांसाठीच हेलिकॉप्टर! कमानीच्या आतली गाडी म्हणजे पांढऱ्या गोल डब्यांची माळ. एका डब्यात पाच जण, गुडघ्याला गुडघा लावून. दार इतकं बुटकं की कंबरेत वाकून आत शिरावं लागतं. वर जायला चार मिनिटं, खाली यायला तीन, ते सोपं. पण गाडीपर्यंत आणि गाडीपासून माथ्यापर्यंत धरून 96 पायऱ्या आहेत, आणि व्हीलचेअर माथ्यापर्यंत जात नाही. माझ्या सासूबाई खालच्या म्युझियममध्येच बसून राहिल्या. म्युझियम फुकट आहे आणि चांगलं आहे, त्यामुळे त्यांचं काही बिघडलं नाही, पण आमचं अर्धं लक्ष त्यांच्याकडे.

हेलिकॉप्टरला पायऱ्या नसतात, एकच उंच पाय टाकायचा असतो, स्किडवरून (हेलिकॉप्टर ज्यावर टेकतं तो खालचा दांडा) आत. तिथला माणूस हाताला धरतो. वहिनींना सांगा, दुखणारा गुडघा मागे ठेवायचा आणि चांगला पाय आधी वर. उतरताना उलट.

साडी नको. पंखा फिरत असतानाच बसवतात कधी कधी, आणि त्या वाऱ्यात पदर आवरता आवरत नाही. सरळ पंजाबी ड्रेस घाला, ओढणी घरी. केसात फुलं, गजरा काही नको. टोपी, गॉगल, हातातल्या पिशव्या सगळं खालीच ठेवायला लावतात. कपडे गडद रंगाचे घाला, कारण पांढऱ्या कपड्यांची काचेत सावली पडते आणि सगळ्या फोटोंत आपलंच पोट येतं. आणि मागच्या बाजूला कुणीही, कशालाही जायचं नाही, तिथे छोटा पंखा असतो आणि फिरताना तो दिसत नाही. माणूस नेईल तसंच पुढून जायचं, तसंच यायचं.

वेळेबद्दल एक. कमानीचं एक अंग नदीकडे, म्हणजे पूर्वेला, दुसरं शहराकडे. सकाळी नदीच्या बाजूने बघितलं तर कमानीवर ऊन आणि मागे शहर. संध्याकाळी तिथूनच बघाल तर काळी आकृती. ज्यांना सूर्यास्ताचे फोटो हवेत त्यांनी संध्याकाळी जावं, ज्यांना कमान बघायची आहे त्यांनी सकाळी.

वरून घुमटाची जुनी कोर्टाची इमारत दिसेल, कमानीच्या बरोबर समोर. ती नुसती बघून सोडू नका, दुसऱ्या दिवशी चालत जा. ड्रेड आणि हॅरिएट स्कॉट या गुलाम नवरा-बायकोंनी 1846 मध्ये स्वातंत्र्यासाठी तिथे दावा लावला. 1850 मध्ये ते तिथे जिंकले, वरच्या कोर्टात हरले, आणि 1857 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या माणसाला नागरिक मानायलाच नकार दिला. तारखांवर तारखा म्हणजे काय ते आपल्या भागात कुणाला समजावून सांगायला नको, पण तो दावा वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

गणेशपूर_गल्ली

हत्तीचं आवडलं. पैसे महागच आहेत यावर मी ठाम.

शहापूरचे_मामा

मास्तरीणबाई, पॅटर्नवाले, दोघांचे आभार. 96 पायऱ्या ऐकून हिनं फॉर्म स्वतः मागून घेतला आणि माझ्याकडं पाठ करून भरला, आकडा मला दाखवला नाही. पंजाबी ड्रेसवरनं अजून बोलणी चालू आहेत.

एकच राहिलं. लेक म्हणते शनिवारी संध्याकाळचं ठरवूया, जावयाला सुट्टी असते. चालंल काय?

पॅटर्नवाला_उद्यमबाग

थांबा, बरं झालं विचारलं. कमानीपासनं चालत जाण्याएवढ्या अंतरावर बेसबॉलचं मोठं स्टेडियम आहे आणि सप्टेंबरात सीझन चालू असतो. मोठ्या स्टेडियमात मॅच असली की सुरू व्हायच्या तासभर आधीपासनं संपल्यावर तासभर, आजूबाजूच्या सुमारे साडेपाच किलोमीटरच्या पट्ट्यात खालच्या उंचीवर उडायला बंदी असते. सगळ्या देशात तोच नियम. शनिवार संध्याकाळ म्हणजे नेमकी मॅचची वेळ. लेकीला आधी मॅचचं वेळापत्रक बघायला सांगा, टीम गावाबाहेर खेळायला गेलेली असेल तो शनिवार धरा. नाहीतर जावयाला एक दिवस रजा टाकायला लावा आणि सकाळचं घ्या. ढग खाली आले किंवा वारा सुटला तर फेरी रद्द करतात, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी ठेवू नका, हाताशी दोनतीन दिवस राहू देत. आणि रद्द झाल्यावर पैसे परत मिळतात का नुसती दुसरी तारीख देतात, ते बुक करायच्या आधी लिहून घ्या.