मदत हवी आहे: आफ्रिकेतल्या मलेरियासाठी देणगी द्यायचीये, संस्था पारखायला नेमकं कोणाला आणि काय विचारावं?

नमस्कार मंडळी, धागा जरा लांबणार आहे, आधीच सॉरी.

आमच्या नागपूरच्या इंजिनियरिंग बॅचचा एक मित्र युगांडात नोकरीला होता, तिथेच मलेरियाने गेला. ग्रुपवर ठरलं की त्याच्या नावाने काहीतरी करायचं आणि तिकडच्याच लोकांसाठी करायचं. २ लाख ४० हजार जमले. संस्था निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण काय तर "तू रिकामाच आहेस" (व्हीआरएस घेतली की माणूस रिकामा, असं आहे आपल्याकडे).

आधी मी ऑफिसखर्च किती टक्के तेवढंच बघत होतो. मग प्लेपंपबद्दल वाचलं आणि तो नाद सोडला. दक्षिण आफ्रिकेतली आयडिया, मुलं चक्रावर खेळणार आणि त्याने बोअरचं पाणी टाकीत चढणार. २००६ मध्ये अमेरिकेतून १.६४ कोटी डॉलर जाहीर झाले. पण पोरं खेळून खेळून किती खेळणार? शेवटी बायांनाच ते चक्र हाताने ढकलत बसावं लागलं. पाणी भरणाऱ्या एखाद्या बाईला आधी नीट विचारलं असतं तर तिने दोन मिनिटांत सांगितलं असतं.

मग गिव्हवेल सापडलं. २००७ मध्ये हेज फंडातल्या (म्हणजे बड्या लोकांचे पैसे गुंतवणाऱ्या कंपनीतल्या) दोघांनी सुरू केलेलं, संस्था तपासायचंच काम करतात, तज्ज्ञांशी बोलतात आणि त्या बोलण्याच्या नोट्सही साईटवर टाकत आलेत. त्यांच्या यादीत अगेन्स्ट मलेरिया फाउंडेशन आहे, औषध लावलेल्या मच्छरदाण्या देणारी. म्हटलं आपणही आपल्या ओळखीच्या जाणकारांना विचारू, आणि तिथेच गाडी फसली.

एक बालरोगतज्ज्ञ, "छान संस्था आहे, द्या बिनधास्त". पाच मिनिटांत विषय संपला. नंतर लक्षात आलं की त्यांनी नावही पहिल्यांदाच ऐकलं असावं.

दुसरे गडचिरोलीत मलेरियाचं काम करून रिटायर झालेले अधिकारी. दीड तास बोलले, दोनदा चहा झाला. म्हणाले मच्छरदाणीने काही होत नाही, लोक उन्हाळ्यात अंगणात झोपतात, जंगलात मुक्कामी जातात, मच्छरदाणी घरात तशीच घडी घालून.

तिसऱ्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका. त्या म्हणे मच्छरदाणी उत्तम, जंताच्या गोळ्या वाटणाऱ्या संस्थांपासून मात्र लांब राहा. आता आपल्या झेडपी शाळांत २०१५ पासून जंतनाशक दिवस होतो, पोरांना गोळी देतातच की!

आता मी कोणाचं धरू? तिघंही हुशार, तिघंही प्रामाणिक. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

तर्री_जास्त: भाऊ, युगांडा काऊन? गडचिरोलीलाच द्या ना. बंग दांपत्याच्या 'सर्च'ने गावातल्या बायांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली, ३९ गावांत बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं. आणि हेही बघा, गावातली बाई तान्ह्या बाळाला इंजेक्शन देईल हे आधी विचारलं असतं तर किती डॉक्टर हो म्हणाले असते बाप्पा?

धागाकर्ता: पटतंय, पण त्याच्या आईची इच्छा तिकडेच द्यावं अशी आहे, त्यामुळे तो विषय बंद.

मेडिकल_चौक: मी सार्वजनिक आरोग्यात आहे. तुमचा प्रश्नच फार मोठा होता हो. "संस्था कशी आहे" म्हटलं की माणूस एकतर सभ्यपणे बरं बोलतो, नाहीतर स्वतःची आयुष्यभराची गोष्ट सांगतो. अधिकारीसाहेब गडचिरोलीबद्दल शंभर टक्के खरं बोलतायत, पण आफ्रिकेतला मुख्य डास, ॲनोफिलीस गॅम्बिए, बराचसा रात्री घरात शिरून चावतो. त्यांना युगांडाबद्दल विचारू नका, मच्छरदाणी वाटपात घोळ कुठे होतो ते विचारा, ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसेल. प्रोफेसर मॅडमचं म्हणाल तर जंतांवरून जाणकारांचीच जुंपलेली आहे. क्रेमर आणि मिगेल या अर्थशास्त्र्यांचा केनियाचा अभ्यास (२००४) म्हणत होता की गोळ्यांनी शाळेतली गैरहजेरी घटली. २०१५ मध्ये लंडनच्या साथरोगवाल्यांनी तोच डेटा पुन्हा तपासला, आकडेमोडीच्या चुका निघाल्या, आणि मग अर्थशास्त्री एकीकडे, साथरोगवाले दुसरीकडे. गंमत म्हणजे तुमच्या मॅडम अर्थशास्त्री असून दुसऱ्या बाजूला! विचारा त्यांना कशामुळे. आणि हो, संस्थेतल्या किंवा तिच्या फंडावर चालणाऱ्या माणसालाही जरूर विचारा, सगळ्यात जास्त त्यालाच माहीत असतं, फक्त तो तिथे नोकरीला आहे हे डोक्यात ठेवून ऐका.

सीए_धरमपेठ: पैशाचं सांगतो. एफसीआरए कायद्याची चिंता नको, तो बाहेरून येणाऱ्या पैशाला. बाहेर पाठवायला एलआरएस (रिझर्व्ह बँकेची परदेशी पैसे पाठवायची सोय), बँकेत ए२ फॉर्म आणि पॅन. ही सोय व्यक्तीलाच आहे, ट्रस्टला नाही, म्हणजे कोणातरी एकाच्या खात्यातून जाणार, तर ग्रुपकडून लेखी घेऊन ठेवा. १० लाखांच्या आत टीसीएस (बँक आधीच कापून घेते तो कर) नाही. परदेशी संस्थेला दिलं तर ८०जीची करसवलत मिळत नाही, हे सगळ्यांना आधीच सांगा, नाहीतर मार्चमध्ये तुमचा फोन वाजत राहील.

धागाकर्ता (अपडेट): मेडिकल_चौक, तुमच्या सांगण्यावरून साहेबांकडे परत गेलो. या वेळी एवढंच विचारलं, की साहेब, तुम्हाला वाटपाचा रिपोर्ट तपासायला दिला तर आधी काय बघाल? साहेब एकदम खुलले. म्हणाले, "वाटल्या किती ते सगळेच लिहितात, सहा महिन्यांनी किती घरांत टांगलेल्या होत्या ते बघ. आणि औषध कुठलं ते बघ, साध्या पायरेथ्रॉईडला, म्हणजे मच्छरदाणीला नेहमी लावतात त्या औषधाला, डास आता दाद देत नाहीत बऱ्याच ठिकाणी." अगेन्स्ट मलेरियाच्या साईटवर पाहिलं तर ते लोक वाटपानंतर घरोघरी जाऊन पाहणी करवतात, आणि दुहेरी औषधाच्या नव्या मच्छरदाण्याही देतात, ज्यांची शिफारस डब्ल्यूएचओने २०२३ मध्ये केली. साहेबांना पाहणीचा एक रिपोर्ट प्रिंट काढून दिलाय, मराठीत समजावून सांगायची जबाबदारी माझी.

बालरोगतज्ज्ञांना परत विचारलं नाही. प्रोफेसर मॅडमना मेल टाकलाय.

आता एकच राहिलं. इथे कोणी युगांडात राहिलेलं आहे का, कंपालाच्या बाहेर, खेड्याकडे? तज्ज्ञ नसलात तरी चालेल. तिथल्या घरात मच्छरदाणी नेमकी कोण वापरतं, लेकरं की कर्ता पुरुष, एवढंच विचारायचंय.