मदत हवी आहे: ‘गिबस’ चंद्राला मराठीत काय लिहावं?

दुपारचा_चहा:
शाळेच्या भिंतीवर चंद्रकलांचा तक्ता रंगवायचाय. नमुना इंग्रजीत आहे. ‘क्रेसेंट’ची चंद्रकोर झाली, ‘फुल’ची पौर्णिमा झाली, ‘वॅक्सिंग गिबस’ आणि ‘वेनिंग गिबस’पाशी घोडं अडलंय. शब्दकोशात ‘कुबडा’ दिलंय, ते चंद्राला कसं लावायचं? आणि हे नेमके कुठल्या तिथींचे चंद्र? चौथीच्या मुलांना कळेल असं सांगा.

खडीसाखर:
शब्दकोश बरोबर आहे, लॅटिनमध्ये ‘गिबस’ म्हणजे कुबडच. अर्ध्या चंद्राची सरळ कड बाहेर फुगली की तो गिबस. पण भिंतीवर ‘कुबडा चंद्र’ लिहिलंत तर पोरं वर्षभर तेच घेऊन बसतील! उच्चार ‘गिफ्ट’मधल्या ग सारखा, ‘जिबस’ नाही. इंग्रजीत हल्ली हे विशेषण बहुतेक चंद्र-ग्रहांनाच लागतं. वनस्पतिशास्त्रात एका बाजूने फुगलेल्या भागालाही वापरतात. खालून फुगलेल्या एका पाणवनस्पतीचं नावच ‘लेम्ना गिबा’ आहे.

रात्रपाळी:
तिथींचं मी सांगतो. चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे सरकला की एक तिथी होते. अर्धा चंद्र 90 अंशांवर, आणि अष्टमी 84 ते 96, म्हणजे ऐन अष्टमीच्या मध्यावर. तिथून पौर्णिमेपर्यंत वाढता गिबस, पुढे वद्य अष्टमीच्या मध्यापर्यंत घटता. दसऱ्याचा चंद्र वाढता गिबस. आषाढी एकादशीचाही, ढगांनी दिसू दिला तर. आणि संकष्टीला आपण उपाशीपोटी ज्याची वाट बघतो तो घटता गिबस.

थोडं अवांतर: मंगळ पृथ्वीवरून पूर्ण किंवा गिबसच दिसतो, त्याची कोर कधीच होत नाही. शुक्राच्या मात्र सगळ्या कला दिसतात. गॅलिलिओने 1610 मध्ये त्या दुर्बिणीतून पाहायला सुरुवात केली. टॉलेमीच्या, म्हणजे पृथ्वी मध्यभागी मानणाऱ्या जुन्या मांडणीत शुक्र कायम पृथ्वी आणि सूर्याच्या मधल्या भागात, त्यामुळे तो गिबस दिसणं शक्यच नव्हतं. दिसला, आणि ती मांडणी तिथेच अडचणीत आली.

दुपारचा_चहा:
संकष्टीचं उदाहरण फारच आवडलं, तक्त्यावर घेतेच. मग ‘अर्ध्याहून मोठा, वाढता’ आणि ‘अर्ध्याहून मोठा, घटता’ असं लिहू?

खडीसाखर:
लिहा, छान आहे. आठवीत ‘गिबस’ भेटेल तेव्हा भेटेल.

रात्रपाळी:
चालेल. रंगवताना एक सांभाळा. बरेच जण गोल काढून बिस्किटाचा घास घेतल्यासारखा तुकडा काळा करतात, तसं नको. उजेड-अंधाराची रेषा वर्तुळाच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जाते आणि गिबसमध्ये ती अंधाराच्या बाजूला फुगलेली असते, अर्ध्या लंबवर्तुळासारखी. वाढत्याची उजवी बाजू उजळ ठेवा, घटत्याची डावी.